‘काम काय करून हवंय?’ : नौपाड्यातल्या एका पार्लरचं प्रकरण

ग्राहक नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याचे. वय चाळिशीपार, वाशीतल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम, लग्न झालेलं, दोन मुलं शाळेत. पुरुष म्हणून जगतात आणि तसंच जगायचं आहे. कॉलेजपासून साडी नेसायला, नटायला आवडतं, एवढंच. बायकोला लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. आधी रडारड, मग अबोला, आणि आता ती ‘हा गुलाबी तुम्हाला शोभत नाही’ म्हणण्यापर्यंत आली आहे. त्यांची मागणी अशी: हातापायांचं वॅक्सिंग, भुवया ऑफिसात कोणाच्या लक्षात येणार नाहीत इतपत नीट, आणि एक दुपार पूर्ण मेकअप करून नऊवारी नेसून आरशासमोर उभं राहायचं. चार फोटो काढायचे, सगळं उतरवायचं आणि ट्रेनने घरी.

पार्लर ठाण्याच्या नौपाड्यातलं, गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत. मालकीण पन्नाशीच्या, हाताखाली दोन मुली आणि केस कापणारा एक मुलगा. मी पार्लर काढू पाहणाऱ्या मुलींचे वर्ग घेते, त्या निमित्ताने दोन्ही बाजूंशी सविस्तर बोलणं झालं. दोघांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पार्लरचं नाव मी देणार नाही.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. असा ग्राहक ‘मला स्वीकारणारं पार्लर’ शोधत फिरतो आणि थकतो. पार्लरवालीपुढचा प्रश्न वेगळा असतो: काम कोणतं, ते कोण करणार, कुठल्या खोलीत आणि किती वाजता. या चार गोष्टींची उत्तरं जुळली की स्वीकाराचं बऱ्याचदा आपोआप निभावतं. ती जुळली नाहीत तर मालकीण कितीही मोठ्या मनाची असो, काम होत नाही.

शोध

सुरुवात सगळे करतात तिथूनच झाली: मोबाइलवर ‘युनिसेक्स सलून’. ठाणे-नवी मुंबईत या पाटीला तोटा नाही. घोडबंदर रोडला नव्या टॉवरच्या खाली दर चार दुकानांआड एक दिसेल, खारघर-सीवूड्सलाही तेच. पण युनिसेक्सचा व्यवहारातला अर्थ इतकाच की एका छताखाली दोघांचेही केस कापले जातात. आत गेलं की वाटणी असते. पुढे काचेच्या दर्शनी भागात खुर्च्यांची रांग, मागे किंवा माळ्यावर पडदा आणि ‘लेडीज सेक्शन’. वॅक्सिंगचा पलंग, फेशियलची खोली, मेकअपचा दिवेवाला आरसा, हे सगळं पडद्याच्या पलीकडे. पुरुष ग्राहक अलीकडे. भुवया करून मिळाल्या असत्या, हातांचं वॅक्सही मिळालं असतं, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशा खुर्चीत. मेकअपचं नाव काढल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘सर, ग्रूम पॅकेज आहे’ असं सांगितलं. तो बिचारा त्याच्या कार्डावर होतं तेच बोलला.

मग घरगुती पार्लरं. सिडकोच्या सेक्टरांमधल्या रो-हाउसच्या तळमजल्यावर, बिल्डिंगमधल्या वन-रूम-किचनमध्ये अशी शेकडो चालतात. काम स्वच्छ, दर कमी, आणि दारावर ‘फक्त महिलांसाठी’. इथे नकार आला तो सरळ आला. एकीने तर कारणही सांगितलं: ‘दादा, मी दुपारची एकटी असते. सासूबाई आतल्या खोलीत. सोसायटीत कोणी पाहिलं तर मी काय सांगू?’

या नकाराला लगेच मागासलेपणाचं लेबल लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. पार्लर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, नंबर ऑनलाइन टाकल्यापासून रात्री किती फोन येतात आणि ‘मसाज मिळेल का’ हा प्रश्न कोणत्या आवाजात विचारला जातो. बंद खोलीत अनोळखी पुरुषाच्या मांडीला वॅक्स लावायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. प्रामाणिक ग्राहकाची पंचाईत अशी की फोनवर तो आणि तो दुसरा, सुरुवातीची दोन वाक्यं सारखेच वाटतात.

आमच्या ग्राहकाने ही पंचाईत स्वतःच वाढवली. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज: लहानपणापासून कसं वाटतं, बायकोला कसं सांगितलं, समाज कसा आहे, तुम्ही मला समजून घ्याल का. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण समोरची बाई दोन ग्राहकांच्या मध्ये, हाताला वॅक्स लागलेलं, मोबाइल कोपराने सरकवत वाचते आहे. तिला त्यात कामाचं काही सापडत नाही. बऱ्याच ठिकाणी नुसत्या निळ्या टिका. एका नंबरवरून मात्र तत्काळ उत्तर आलं, फारच गोड. ‘हो हो, स्पेशल सर्व्हिस आहे, पूर्ण गुप्तता.’ दर नेहमीच्या कितीतरी पट, अर्धे आत्ता यूपीआय करा, आणि ‘आधीचे साडीतले फोटो पाठवा म्हणजे आम्हाला अंदाज येईल.’ दुकानाचा पत्ता विचारला तर ‘बुकिंगनंतर कळवू’.

त्यांनी पैसे पाठवले नाहीत, फोटो तर नाहीच. बरं झालं. या वाटेवरचं खरं संकट हेच आहे. चेहरा दिसणारा फोटो अनोळखी माणसाच्या हाती गेला की पुढचा मेसेज कोणता येणार हे सांगायला नको. धमकावून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, आणि ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवता येते. पण ज्याला घरी कळण्याचीच भीती आहे तो तिथपर्यंत जात नाही, आणि उकळणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून माझा नियम साधा आहे: दुकान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम नाही, आणि मेकअपचा अंदाज यायला साडीतला फोटो लागत नाही, साधा दाढी केलेल्या चेहऱ्याचा पुरतो. तोही प्रत्यक्ष दाखवावा.

वाट उघडली ती ड्रेपरीवाल्याकडे

पार्लर सापडलं ते पार्लर शोधताना नव्हे. नऊवारी नेसता येत नव्हती, म्हणून शिवलेली नऊवारी भाड्याने मिळते का हे बघायला ते ठाण्यात एका ड्रेपरीवाल्याकडे गेले. शाळांची गॅदरिंग, सोसायटीच्या गणपतीतले कार्यक्रम, हौशी नाटकं, या सगळ्यांना कपडे पुरवणारं दुकान. छातीत धडधड घेऊन त्यांनी ‘माझ्याच मापाची’ असं सांगितलं. दुकानदाराने मान वर न करता टेप काढली आणि विचारलं, ‘कार्यक्रम कधी आहे? मेकअपला कोण?’

‘कोणी नाही’ म्हटल्यावर त्याने नौपाड्यातल्या ताईंचा नंबर दिला. ‘लावणीला पोरं उभी असतात ना, त्यांचा मेकअप त्याच करतात.’

यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बाईचं रूप घेतलेल्या पुरुषाला रंगवण्याची कला जुनी आहे. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) साडी, नथ आणि अंबाडा पाहून घरंदाज बायका तसं नटू लागल्या होत्या. आमचे ग्राहक मूळचे सिंधुदुर्गातले. जत्रेच्या रात्री दशावतारातले स्त्री पार्ट करणारे पुरुष देवळामागे मांडी घालून, हातातल्या आरशात बघत स्वतःचा चेहरा रंगवतात, हे त्यांनी लहानपणी तासन्‌तास बघितलेलं. स्टेजवर ज्याला आपण टाळ्या देतो त्याने तिकीट न लावता तेच केलं की आपल्या भुवया वर जातात, हा आपला दुटप्पीपणा आहे खरा. पण त्यावर चिडून बसण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घ्यावा. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे नाट्यगृह यांच्या आसपास काम करणारे रंगभूषाकार, नाचाच्या क्लासांना मेकअप करून देणाऱ्या बायका, ड्रेपरीवाले: या मंडळींना पुरुषाच्या जबड्यावर बाईचा चेहरा कसा बसवायचा हे हातानं ठाऊक असतं. शिवाय त्यांना कारण सांगावं लागत नाही. नवरी सजवणारी उत्तम आर्टिस्टही दाढीच्या निळसर छटेपुढे अडखळते, कारण तिने ते कधी केलेलंच नसतं.

नौपाड्याला फोन लावताना त्यांनी जीवनकथा गाळली. हातपाय वॅक्स, भुवया हलक्या, मेकअप, नऊवारी, घाई नाही. पलीकडून प्रश्न आला तो शीर्षकात दिलेलाच, जरा वेगळ्या शब्दांत: ‘दादा, काम काय काय करून हवंय ते परत सांगा, मी लिहून घेते. स्टेजला आहे का असंच?’ ते म्हणाले, ‘असंच.’ थोडा वेळ फोनवर नुसता ड्रायरचा आवाज. मग, ‘बरं. सोबत कोण येणार? एकटेच ना? आधी एकदा येऊन भेटून जा.’

‘असंच’ हे खरं उत्तर दिलं याला मी महत्त्व देते. कार्यक्रम आहे असं खोटं सांगितलं असतं तर त्या दिवशी निभावलं असतं; पुढच्या वेळी कोणता कार्यक्रम?

दिवस कोणता

त्या भेटीत निम्मा वेळ तारखेवर गेला, आणि ते योग्यच होतं. श्रावण संपला की गणपतीची गर्दी, नवरात्रात नऊ रंगांच्या नऊ साड्या, तुळशीचं लग्न लागलं की थेट लग्नसराई. मधे एकच पंधरवडा पार्लरं ओस पडतात: पितृपक्ष. ताईंनी तोच सुचवला. त्यातही मंगळवार दुपार, कारण मंगळवारी केस कापायला सहसा कोणी फिरकत नाही.

अडचण निघाली मिशीची. वडील गेलेले, त्यांचं श्राद्ध हेच घालतात, आणि तिथी होईपर्यंत दाढी करायची नाही असा घरचा नेम. आई सोबत राहते. तेव्हा तिथी उलटून गेल्यावरचा मंगळवार धरला. मिशी गेल्याचं ऑफिसात कोणीतरी विचारलंच, ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून वेळ मारून नेली. सप्टेंबर होता, पण अकाउंट्समधल्या माणसावर कोण संशय घेतो.

ताईंनी याच भेटीत विचारलं, ‘चेहऱ्याला काय लावता?’ पुटकुळ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं अॅडापॅलीनचं जेल रात्री लावतात, असं निघालं. गालाच्या वरच्या लवेवर वॅक्स करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. ताईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. असल्या जेलने कातडी पातळ, हळवी होते आणि वॅक्सबरोबर सोलून निघते. हा प्रश्न न विचारणाऱ्या पार्लरात कोणीही, बाई असो की पुरुष, चेहऱ्याला वॅक्स लावून घेऊ नये.

ती दुपार

दोन मुलींपैकी एकीने पुरुषाचं वॅक्सिंग करणार नाही असं आधीच सांगितलं होतं. ताईंनी तिला त्या दुपारी सुट्टी दिली, पगार न कापता. हातापायांचं वॅक्सिंग केस कापणाऱ्या मुलाने केलं. केस साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढवून यायला सांगितलं होतं. त्याहून आखूड असले तर वॅक्स पकडत नाही आणि फार लांब असले तर ओढताना जीव जातो. पुरुषाचे केस जाड, मुळं घट्ट, पहिली खेप असेल तर पोटऱ्यांवर रक्ताचे बारीक टिपके दिसतात. ते अपेक्षित आहे. त्यानंतर थंड पट्टी, कोरफडीचं जेल, सैल सुती पायजमा, आणि दिवसभर गरम पाण्याची आंघोळ नाही. वॅक्सचा दर बायकांपेक्षा थोडा जास्त लावला, कारण वॅक्स आणि वेळ दोन्ही जास्त गेले. मेकअपचा दर नेहमीचाच. मला हा हिशेब पटतो. कष्टाचे पैसे जास्त घ्या, गुपिताचे नको.

भुवयांना दोरा लावलाच नाही. दोऱ्याने काढलेली कमान आठवडेन्‌आठवडे राहते आणि ऑफिसात पहिली तीच दिसते. मधले दोन-चार केस आणि खालच्या कडेचे भरकटलेले चिमट्याने काढले, बाकी जेलने वर बसवून कन्सीलरने, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमने, कड छाटली. धुतलं की भुवई मूळ जागी.

दाढी हा खरा भाग. सकाळी घरून करून आले होते, आधी केसांच्या दिशेने मग उलट, आफ्टरशेव्ह न लावता. तरी जबड्यावर आणि ओठांभोवती निळी-करडी छटा राहतेच. केस कातडीच्या आत असतात, ते ब्लेडला लागत नाहीत. त्यावर सरळ फाउंडेशन थापलं तर चेहरा राखेसारखा होतो, आणि मग आणखी थापलं जातं. ताईंनी फक्त छटा आहे तेवढ्याच जागी नारिंगी करेक्टरचा पातळ हात दिला, घासून नव्हे, ओल्या स्पंजाने दाबून दाबून. नारिंगी निळ्याला मारतो. वर पावडर, ती बसू दिली, मग फाउंडेशन, तेही दोन पातळ थरांत. मध्येच थांबून ताईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि उन्हात बघितलं, कारण आरशाच्या पिवळ्या दिव्यात कुठलाही चेहरा चांगला दिसतो. हनुवटीखाली थोडं निळं उरलं होतं. परत स्पंज.

नऊवारी शिवलेली, त्यामुळे काष्ट्याची कटकट नव्हती. खांदे रुंद, म्हणून पदर एका बाजूला चापून न बसवता थोडा मोकळा सोडला. खांद्याची रेघ मोडते. अंबाडा तयार, त्यावर गजरा. नथ दाबाची. बोलताना ताई ‘तुम्ही’वर राहिल्या, सर नाही आणि मॅडमही नाही. कोणालाच खटकलं नाही.

फोटो त्यांच्याच मोबाइलवर, त्यांनीच सांगितले तेवढे. उरलेल्या मुलीने सवयीने स्वतःचा फोन काढला होता, ‘आधी-नंतर’चा रील करायला, ताईंनी नजरेने थांबवलं. या धंद्यात ग्राहकाचा चेहरा ही जाहिरात समजली जाते, हे आमच्या क्षेत्राचं वाईट वळण आहे, आणि ते फक्त अशा ग्राहकापुरतं वाईट नाही.

उतरवायला जवळपास पाऊण तास लागला. घाईत इथेच चुकतं. चेहरा स्वच्छ दिसतो, पण पापण्यांच्या मुळाशी काजळ राहतं, आणि सकाळी डबडबलेल्या डोळ्यांनी ऑफिसला गेलं की सगळे विचारतात. तेलाचं रिमूव्हर कापसावर घेऊन मिटल्या पापणीवर ठेवायचं, थोडं थांबायचं, मग पुसायचं. टिकलीच्या गोंदाचा गोल, कानशिलावरची चमकी, नखांच्या कडेचा रंग हे सगळं दिवसाउजेडी तपासलं. त्यांना संध्याकाळची ठाणे-वाशी गाडी मिळाली.

मालकिणीला हे कितीला पडलं

उतरवणं चालू असताना एक जुन्या ग्राहक बाई वेळेआधी आल्या, आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. त्यांनी पाहिलं, ‘सॉरी’ म्हणाल्या आणि बाहेर बसल्या. काही बोलल्या नाहीत. नंतरची अपॉइंटमेंट त्यांनी रद्द केली आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. पाच-सहा वर्षांचं गिऱ्हाईक. ताईंनी हे मला तक्रारीच्या सुरात नाही, हिशेबाच्या सुरात सांगितलं. त्यानंतर त्यांनी दाराला आतून कडी बसवून घेतली आणि अशा कामाला दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये तासाभराची मोकळी जागा ठेवू लागल्या.

ऑनलाइन माहितीत ‘सर्वांचं स्वागत’ असं लिहा, असं मी त्यांना सुचवलं. त्यांनी नकार दिला. ‘लिहिलं की ते मसाजवाले आधी येतील. मला ओळखीतून येऊ देत.’ मला हे अर्धंच पटतं. ओळखीची साखळी सुरक्षित असते, पण ज्याची ओळखच नाही तो दिवा-ऐरोलीतल्या एखाद्या खोलीत मोबाइल चाळत बसतो आणि त्या गोड बोलणाऱ्या नंबरापर्यंत पोचतो. मधला मार्ग म्हणून त्यांनी दरपत्रकात बदल केला: ‘रंगभूषा, स्टेज व वैयक्तिक, आधी भेटून’. ज्याला कळायचं त्याला कळतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण दोन्ही बाजू घाबरून विचारतात. पुरुषाने साडी नेसणं किंवा मेकअप करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, आणि त्याचं काम करून देणं हाही नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानांत लिंगावरून मज्जाव नको असं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना सेवा नाकारण्याला चाप लावला. आमचे ग्राहक स्वतःला तृतीयपंथी म्हणवत नाहीत, म्हणून तो कायदा त्यांच्या गळ्यात बांधण्यात अर्थ नाही. आणि ज्या खोलीत चेहरा हाती द्यायचा तिथे कलम दाखवून शिरावं असं मला वाटत नाही. एक मात्र खरं: हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातून वेशांतराच्या जुन्या नोंदी काढून टाकल्या आहेत. बायकोला समजावताना त्यांना याचा उपयोग झाला म्हणे. मला वाटतं, त्यापेक्षा ती एकदा ताईंना भेटून गेली त्याचा जास्त झाला.

सध्या ते दोन-तीन महिन्यांनी हातापायांच्या वॅक्सला येतात, मेकअप क्वचित. आता दाढीचं लेझर करावं असं त्यांच्या डोक्यात आहे, म्हणजे निळी छटाच राहणार नाही. ताईंनी हे काम पार्लरचं नाही म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, सावळ्या कातडीला चालणारं लेझर आहे, महिना-दीड महिन्याच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतील, पण एकदा विरळ झालेली दाढी-मिशी पुन्हा मागता येणार नाही. बायकोचं म्हणणं, मिशी राहू दे. त्यांनी पुढची तारीख घेतलेली नाही.